पुठ्ठ्याच्या गावातलं वाक्य

माझ्या हातात चमच्याचं चित्र होतं, आणि समोर खुर्चीत बसलेल्या बाईंना चमच्याला काय म्हणतात ते आठवत नव्हतं. शब्द जवळ येतोय हे दिसत होतं. ओठ त्याच्यासाठी तयार व्हायचे, जीभ वर जायची आणि मग नुसताच श्वास बाहेर पडायचा. शेवटी त्यांनी चित्र हाताने बाजूला सारलं. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी पाठ ताठ केली, हनुवटी उचलली आणि एक लांबलचक वाक्य बोलून दाखवलं. कुठेही न अडखळता. ते जर्मन नव्हतं. मला येणाऱ्या किंवा नुसत्या कानावरून गेलेल्या कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

हॅम्बर्गच्या एका रुग्णालयात मी स्पीच थेरपिस्ट आहे. मेंदूत गुठळी अडकून ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलतं करणं हे माझं काम. मी तेराव्या वर्षी आईबाबांबरोबर औरंगाबादहून इथे आले. बाबा जहाजावर इंजिनियर होते. जर्मन मलाही एकेक शब्द वेचत शिकावं लागलं. शब्द न सापडल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जी लाज येते ती मी शाळेच्या आरशात पाहिलेली आहे. बहुधा म्हणूनच या कामाकडे वळले.

बाई नव्वदीला टेकलेल्या होत्या. उंच, सडपातळ, गडद वर्णाच्या, पांढरेशुभ्र केस मागे घट्ट बांधलेले. जन्म आल्टोनाचा, सगळं आयुष्य हॅम्बर्गमध्ये. नवरा बंदरात क्रेन चालवायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वॉर्डातला एक नवा डॉक्टर त्यांच्याशी हळूहळू, मोठ्या आवाजात इंग्रजी बोलायला लागला, तेव्हा त्यांना उलटून काही म्हणता येईना. शेजारच्या पलंगावरची म्हातारीच त्याला म्हणाली, "अहो डॉक्टर, जर्मनमध्ये बोला की. ही माझ्याहून जुनी हॅम्बर्गकर आहे."

त्या वाक्याबद्दल माझ्या सहकाऱ्याने फायलीत लिहिलं होतं, 'अर्थहीन ध्वनी'. तसं घडतं खरं. काही रुग्ण झटक्यानंतर भराभर बोलतात, पण त्यातून शब्दच निघत नाही. मात्र ती बडबड दर वेळी वेगळी असते. बाईंचं वाक्य दर वेळी तेच होतं. श्वास त्याच ठिकाणी, आवाज त्याच ठिकाणी वर, आणि अगदी शेवटी दारावर टकटक केल्यासारखा एक छोटासा शब्द. लहानपणी घोकलेलं काही मेंदू वेगळ्याच कप्प्यात ठेवतो. मुलाकडे हॅम्बर्गला आलेल्या एका मराठी आजोबांना मी पाहिलंय. त्यांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं, पण एकोणतिसाचा पाढा न चुकता येत होता. म्हणून मला खात्री वाटली, की हे कधीतरी पाठ केलेलं आहे आणि कुठल्यातरी भाषेतलं आहे.

मी फोन दाखवून खुणेने विचारलं, "रेकॉर्ड करू? घरी कुणाला ऐकवू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

आमच्या वरच्या खोलीत तेव्हा इथिओपियाची एक मुलगी भाड्याने राहायची. विद्यापीठात जुन्या चर्मपत्रांवरच्या हस्तलिखितांवर तिचं डॉक्टरेटचं काम चालू होतं. माझ्या लेकीकडून शिकून ती मला काकू म्हणायची. तिच्या जर्मनमध्ये तेवढा एकच मराठी शब्द होता आणि तो ती फार गोड म्हणायची. जुन्या भाषा वाचणारी आहे, निदान दिशा तरी सांगेल, म्हणून मी तिला ते ऐकवलं.

तिने डोळे मिटून ऐकलं, परत लावायला सांगितलं. "काकू, हे माझ्या बाजूचं नाही," ती म्हणाली. "यातला शब्दही मला कळत नाही. पण सूर ऐका, एकच अक्षर कधी उंच, कधी खाली म्हणतात. पश्चिम किनाऱ्याकडचं असेल, कॅमेरून किंवा तिथेच कुठेतरी. माझ्या घरापासून ते किती लांब आहे माहितीये? आपलं हे हॅम्बर्ग ते बगदाद."

मी नकाशा काढून पाहिला. खरंच तेवढं लांब होतं.

बाईंचं जर्मन परत येऊ लागलं ते हिवाळा संपताना. पहिला शब्द आला 'मॉइन', इथला नमस्कार. दुसरी आली ती बंदरातली एक सणसणीत शिवी, आणि त्या दिवशी आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्स बघायला आली. त्या घरी गेल्यावर मी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जायला लागले. तिथे, आल्टोनातल्या त्यांच्या छोट्या स्वयंपाकघरात, वाक्याची गोष्ट त्यांनी मला सांगितली. तुकड्या-तुकड्याने, अडखळत, एखाद्या शब्दासाठी हात हवेत फिरवत. इथे मी ती जोडून सांगते. लिहू का, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा. नावं तेवढी घालू नका."

त्यांचे वडील कॅमेरूनचे. नदी समुद्राला मिळते तिथल्या दुआला गावचे. कॅमेरून तेव्हा जर्मनांची वसाहत होती. सुतारकाम शिकायला म्हणून ते तरुणपणी जहाजाने हॅम्बर्गला आले आणि इथेच राहिले. धोबीखान्यात काम करणाऱ्या एका हॅम्बर्गच्या मुलीशी लग्न केलं. पुढे नाझींचं राज्य आलं. वडिलांचं काम गेलं, पासपोर्ट गेला. बाई शाळेत जायच्या वयाच्या झाल्या तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवलं. घरात खायला नव्हतं. आणि अशात वडिलांना काम मिळालं ते सिनेमात.

"आफ्रिकेचे सिनेमे काढायचे होते त्यांना," बाई म्हणाल्या. "गोरा नायक जंगलात जातो, तसले. पण युद्ध चालू. आफ्रिकेतून माणसं आणणार कुठून? मग आम्ही होतो ना! सगळ्या जर्मनीतून गोळा केलं आम्हाला."

बर्लिनजवळच्या स्टुडिओत त्यांनी गाव उभारलं होतं. झोपड्या पुठ्ठ्याच्या, वर गवत, झाडं प्लास्टरची. एक टोगोचा माणूस होता, एक सोमालियाचा खलाशी, एक बर्लिनमध्येच जन्मलेला वादक होता ज्याने समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. भाषा एकमेकांची कुणालाच येत नव्हती, सगळे आपसात जर्मन बोलायचे. त्या सगळ्यांची मिळून एक टोळी केली होती आणि बाईंचे वडील तिचे मुखिया. कमरेला गवत, अंगाला तेल. सहा-सात वर्षांच्या बाई त्यांच्या शेजारी, तशाच.

"थंडी किती होती!" बाई म्हणाल्या. "ओठ निळे पडायचे तर रंगवणारी बाई येऊन ते परत रंगवायची."

नायकाची होडी काठाला लागते तेव्हा मुखियाने ओरडायचं होतं. काय ओरडू, असं वडिलांनी विचारलं. दिग्दर्शक म्हणाला, "काहीही. आफ्रिकी काहीतरी. कुणाला कळतंय?"

तेव्हा वडिलांनी ते वाक्य म्हटलं. चित्रीकरण पुन्हा पुन्हा होत होतं, दर वेळी त्यांनी तेच म्हटलं, त्याच ताठ मानेने. शेजारी उभ्या मुलीला ते पाठ झालं.

"मी रात्री विचारलं, पप्पा, त्याचा अर्थ काय? म्हणाले, मोठी झालीस की सांगेन." बाईंनी हातातला कप खाली ठेवला. "युद्ध संपलं आणि पुढच्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले."

"मग नंतर कुणाला विचारलं नाहीत?" मी म्हटलं. "हॅम्बर्गमध्ये कॅमेरूनचे किती तरी लोक आहेत."

या वेळी त्यांना शब्द सापडत होता, पण बाहेर काढवत नव्हता.

"आणि ते खरंच काहीही असलं तर?" त्या शेवटी म्हणाल्या. "त्या माणसाने सांगितलं काहीही ओरड, आणि पप्पा काहीही ओरडले असले तर? माझ्याकडे त्यांचं तेवढंच आहे. आफ्रिका म्हणजे माझ्यासाठी ते पुठ्ठ्याचं गाव आणि ते वाक्य. वाक्यही पुठ्ठ्याचं निघालं तर काय करू?"



वसंतात एका रविवारी मी त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. वरची मुलगीही होती. मी मनातून जरा धास्तावले होते, कारण वर्षानुवर्षं बाईंना बघून लोक 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' असंच विचारत आले हे मला माहीत होतं. मुलीने मात्र विचारलं ते वेगळंच.

"तुम्ही स्वतःला काय म्हणता?"

"काळी जर्मन," बाई म्हणाल्या. "आणि तो शब्द मला कुणी दिलेला नाही. पन्नाशीत होते मी. एका सभागृहात आमच्यासारख्या बायका जमल्या होत्या, सगळ्या इथे जन्मलेल्या. तोवर मला वाटायचं, मी एकटीच. दारातून आत गेले आणि पाहिलं, खुर्च्या भरलेल्या. कुणी म्यूनिकची, कुणी ड्रेस्डेनची, एकीचे वडील अमेरिकन सैनिक, एकीचे घानाचे. कुठल्याही दोघींचा देश एक नव्हता. पण दुकानात, शाळेत, ट्राममध्ये सगळ्यांच्या बाबतीत झालं होतं ते एकच. तिथे आम्ही तो शब्द घेतला." त्यांनी टेबलावर बोट टेकवलं. "आमचा इतिहास तिथे सुरू होतो. निदान मला तो तिथे कळला."

मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "एकतीस वर्षं मी काळी नव्हतेच. मी आमच्या गावची होते, अमुक घरातली होते, उंच होते, हट्टी होते. हॅम्बर्गला आले आणि आठवडाभरात काळी झाले. वाईट वाटलं असं नाही. कळेचना, हे कुणाबद्दल बोलतायत."

तिने फोनवर एका हस्तलिखिताचं पान दाखवलं. जाडसर पिवळं चामडं, काळी आणि लाल शाई, अक्षरं रांगेत उभ्या माणसांसारखी. कडेला बारीक अक्षरात दुसरंच काहीतरी खरडलेलं होतं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"नक्कल करणाऱ्या साधूने मध्येच लिहिलंय. म्हणतो, शाई पातळ झाली आहे, हात गारठले आहेत आणि मठात आज पुन्हा डाळच आहे." आम्ही तिघींनी आपापल्या ताटातल्या वरणाकडे पाहिलं आणि हसलो. "काही शतकांपूर्वीचा आहे हा," ती म्हणाली. "मी अशी पानंच्या पानं वाचते. त्यांत राजे आहेत, जमिनीचे तंटे आहेत, सुना रुसून माहेरी गेल्या आहेत. पण त्यांत काळं कुणीच नाही. तो शब्द लागतच नाही त्यांना. बघायला समोर दुसरं कुणी नाही."

बाईंनी फोन हातात घेतला आणि चष्मा वर सारून ते पान डोळ्यांजवळ धरलं. "आणि माझ्या इतिहासात," त्या हळूच म्हणाल्या, "पानापानावर दुसरं कुणीतरी बघतंय."

तेव्हा मला आमच्या गावची नहर आठवली, आणि मी ती दोघींना सांगितली. औरंगाबाद वसवलं एका हबशी वजिराने. आम्हाला शाळेत एवढंच शिकवलं होतं. डोंगराकडून जमिनीखालून पाणी आणून त्याने ते शहरभर फिरवलं, आणि आम्ही मुलं त्या नहरीच्या दगडी बांधकामावर चढून खेळायचो. हबशी म्हणजे कुठला, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मला वाटायचं, ते आडनाव असेल.

"हबशी म्हणजे आमचा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "लहानपणी विकला गेलेला मुलगा तो. बाजारामागून बाजार फिरत दख्खनपर्यंत आला. मी वाचलंय त्याच्याबद्दल, पण त्याच्या नहरीवर खेळलेलं माणूस मला आज भेटतंय." ती माझ्याकडे बघतच राहिली. "घरी असता तर त्याला हबशी कुणी म्हटलं नसतं. समुद्र ओलांडला आणि ते त्याचं नाव झालं. मग हा कुणाचा इतिहास, काकू? आमचा, की यांच्यासारख्यांचा, की तुमचा?"

मी ज्याला नुसतं पाणी समजत होते त्याच्या दुसऱ्या टोकाला हिचा देश होता.

बाईंनीच विचारलं, "पाणी येतं का अजून?"

"कुठे कुठे येतं," मी म्हटलं.

"गेनाऊ," अगदी बरोबर, त्या म्हणाल्या, जसं काही सगळा हिशेब लागला, आणि त्यांनी भात पुन्हा मागून घेतला. निघताना मात्र कोट घालता घालता मला म्हणाल्या, "शोधा कुणीतरी. आता ऐकायचंय मला."

माझी लेक आखनला इंजिनियरिंग शिकते. तिच्या वर्गातली एक मैत्रीण दुआलाची होती, आणि उन्हाळ्यात तिची आई तिला भेटायला येणार होती. मैत्रीण म्हणाली, "मला घरातलं, जेवणाखाण्यापुरतं येतं. जुनं बोलणं आईलाच कळेल." माझ्या लेकीचं मराठी तसंच आहे, त्यामुळे मला जास्त समजावून सांगावं लागलं नाही. फोनवर ऐकवू का, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. मी जाणार."

गाडी कोलोनला उशिरा पोचली, पुढची चुकली, फलाटावर वारा होता. बाई काठी टेकून ताठ उभ्या होत्या. त्यांनी निळा कोट घातला होता आणि ओठांना थोडी लाली लावली होती. वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. आखनच्या बसमध्ये मात्र माझा हात धरला.

मैत्रिणीची आई पासष्टीची असेल. भरदार बांधा, डोक्याला फुलाफुलांचं कापड गुंडाळलेलं. त्या दुआलात शाळेत भूगोल शिकवायच्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. बाईंना बघताच त्या दोन्ही हात पुढे करून आल्या आणि त्यांना आई म्हणाल्या. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. बाईंना आयुष्यात कुणी आई म्हटलं नव्हतं. त्या गडबडल्या.

मैत्रिणीच्या त्या इवल्याशा खोलीत मासे शिजत होते, खिडकीबाहेर सायकली लावलेल्या होत्या. आम्ही पलंगावर, खुर्चीवर, जिथे जागा मिळाली तिथे बसलो. मैत्रीण दोन्हीकडचं भाषांतर करत होती. बाईंनी सिनेमाचं सगळं सांगितलं. आईंचा चेहरा ऐकता ऐकता कठोर झाला.

"आमच्या पुस्तकात जर्मन येतात आणि जातात," त्या म्हणाल्या. "त्यांच्या जहाजात बसून जे गेले त्यांचं पुढे काय झालं, हे पुस्तकात नाही. मी इतकी वर्षं शिकवलं. त्या काळात आमची माणसं इथे होती हे मला माहीत नव्हतं."

मग बाई उठून उभ्या राहिल्या. बसून ते म्हणता येत नसावं. हनुवटी वर केली आणि म्हटलं, सुरुवातीपासून शेवटच्या त्या टकटकीपर्यंत.

आईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांना कळलं नाही. मी बाईंकडे पाहिलं नाही, पाहवलं नाही.

"पुन्हा म्हणा," आई म्हणाल्या. "सावकाश."

बाईंनी पुन्हा म्हटलं. अर्ध्यावर आल्यावर आईंचे ओठ हलायला लागले. मग त्याही उठून उभ्या राहिल्या, एकदम, मांडीवरचा रुमाल खाली पडला. बाईंचं वाक्य संपायच्या आत त्यांनी मध्येच एक शब्द म्हटला, थोडं थांबून परत म्हटला, आणि मला कळलं की त्या उत्तर देतायत. त्या वाक्यात उत्तरासाठी जागा सोडलेली होती. इतके महिने मी जिथे बाईंचा श्वास ऐकत होते ती हीच जागा होती.

"हे ओरडणं नाही," आई म्हणाल्या. "माझे आजोबा असं म्हणायचे. नदीवरचा माणूस दुसऱ्याच्या काठाला होडी लावतो तेव्हा आधी स्वतःला सांगतो. मी अमुक, अमुकचा मुलगा, तो अमुकचा मुलगा, तो अमुकचा. असं मागे मागे जात, ज्याच्यापासून आमची सगळी घराणी निघाली त्या मूळ पुरुषापर्यंत. मग म्हणतो, मी भांडायला आलेलो नाही, घरात कोण आहे? आणि घरातल्याने उत्तर द्यायचं असतं."

मला आमच्या लग्नातला गुरुजींचा आवाज ऐकू आला. अमुक यांचा प्रपौत्र, अमुक यांचा पौत्र, अमुक यांचा पुत्र. तेव्हा ते मला लांबण वाटलं होतं.

"म्हणजे अर्थ आहे त्याला," बाई म्हणाल्या.

"अर्थ?" आईंनी त्यांचे दंड धरले. "त्या माणसाने तुमच्या वडिलांना कुणीही नसल्यासारखं उभं केलं, आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर आपलं अख्खं घराणं उभं केलं. होडी गोऱ्याची, पण परक्या काठाला लागलेले ते स्वतः; म्हणून वर त्यालाच विचारलं, घरात कोण आहे. त्यातली सगळ्यात जुनी नावं माझ्याही घरात म्हणतात. आपण कुठेतरी लागतो एकमेकींच्या."

बाई खाली बसल्या. पण आईंचं संपलं नव्हतं. त्या गुडघ्यांवर बसल्या, बाईंच्या समोर. "शेवटचा शब्द," त्या म्हणाल्या, "तो छोटा. तो तुम्हाला काय वाटायचा?"

"शेवट," बाई म्हणाल्या. "पूर्णविराम. पप्पा तो म्हणताना माझ्या डोक्यावर हात ठेवायचे."

"ते नाव आहे. मुलीचं. त्याच्या आधी ते म्हणतात, आणि माझ्या शेजारी उभी आहे ती माझी लेक."

गॅसवरचं झाकण खडखडत होतं. बाईंचं जर्मन नाव अगदी साधं आहे, त्यांच्या पिढीत घरोघरी असलेलं. त्यांच्या जर्मन आईने ते ठेवलं होतं. वडिलांनी ठेवलेलं नाव असं कागदावर कुठेच आलं नाही, आणि बाईंनी ते नव्वदीपर्यंत रोज तोंडात बाळगलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते त्या दिवशी निदान वीस वेळा म्हटलं असेल. आधी हळू, मग प्रश्नासारखं, मग खिडकीकडे तोंड करून, चांगलं खणखणीत.

मी पाहत होते आणि माझ्या कामाची सगळी पुस्तकं मला अपुरी वाटत होती. ज्या बाईंना चमचा म्हणता येत नव्हता, त्यांच्या मेंदूने हे एवढं सांभाळलं होतं. जर्मनीने त्या माणसाला नाव नसलेला काळा माणूस केलं, आणि त्याच्या देशाच्या पुस्तकातून तो जहाजात चढला तिथेच पुसला गेला. दोन्हीकडून हरवलेला माणूस एका वाईट सिनेमाच्या एका वाक्यात उभा होता, मागच्या सगळ्या पूर्वजांसकट, आणि पुढच्या एका मुलीसकट.

आईंनी दुआलाला भावाला फोन लावला. स्पीकरवर आधी कोंबडे ऐकू आले, मग बरीच माणसं; अंगणात बसली असावीत. आईंनी काहीतरी भराभर सांगितलं. एकदम शांतता झाली. मग त्यांनी फोन बाईंच्या तोंडासमोर धरला.

बाईंनी वाक्य म्हटलं. मध्ये जिथे जागा होती तिथे त्या थांबल्या, आणि फोनमधून उत्तर आलं. एकाचं नाही, सगळ्या अंगणाचं. बायका, पुरुष, मुलं, एखादा म्हातारा सगळ्यांच्या मागे राहून शेवटी एकटाच. बाईंनी दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं. नाव आलं तेव्हा पलीकडून ते परत आलं, एवढ्या मोठ्याने की फोन खरखरला.

डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं, त्यामुळे बाई दुआलाला गेल्या नाहीत. त्यांना त्याचं फार वाईट वाटलेलंही दिसलं नाही. "मी आल्टोनाचीच आहे," त्या म्हणतात. "आता माझी चौकशी करणारं कुणी तिकडेही आहे, एवढंच." वरची मुलगी डॉक्टरेट संपवून घरी परतली. जाण्याआधी बाईंना भेटून आली. त्या दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही, पण परत आली ती डोळे पुसत आणि हसत.

मी अजून दर आठवड्याला जाते. पूर्वी मी शिकवायचे, आता अर्धा वेळ नुसती बसते. आखनला भेटलेल्या त्या आई दुआलाहून फोनवर आवाज पाठवतात. साधेच शब्द, पाणी, मासा, ये, बस. बाई ते ऐकतात आणि म्हणून परत पाठवतात. थोड्या वेळाने दुरुस्ती येते. सूर वर हवा होता, खाली गेला, आणि त्यामुळे माशाचं भलतंच काहीतरी झालं. मग बाई फोनला बंदरातल्या अस्सल हॅम्बर्गी भाषेत दोन शब्द सुनावतात, चष्मा सारखा करतात आणि पुन्हा म्हणतात.